चैत्रात पिकणारा रातांबा

"रुजलां काय गो?"

पुढच्या अंगणातून, खळ्यातून, आवाज आला. माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. मी मांगराच्या, अवजारांच्या खोपीच्या, मागे रोपांच्या काळ्या पिशव्यांसमोर उकिडवी बसले होते. सकाळी चहाआधी हा प्रश्न, जेवताना हा प्रश्न, आणि संध्याकाळी काजूच्या कारखान्यातून दमून आले की चपला काढायच्या आत पुन्हा तोच.

"नाय," मी म्हटलं.

"अजून नाय?"

"रुजलां असतां तर मी गावभर साखर वाटली असती, बाबा."

"रुजतलां गो, रुजतलां. माझ्या आज्यान लायलेलां झाड आसा तां. असां-तसां नाय."

मी पिशवीतलं तण उपटत राहिले. बोलले असते तर सासऱ्यांना सुनेने बोलू नये असं काहीतरी तोंडातून गेलं असतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि त्या दिवसांत तर तो तिथे बिऱ्हाड करूनच बसला होता.

कोकमाच्या फळाला आणि झाडालाही आमच्याकडे रातांबा म्हणतात. गावात घरटी दोन-चार झाडं असायची. पण सगळ्यांचे रातांबे वैशाखाच्या अखेरीला पिकायचे, त्यामुळे सोलं, म्हणजे आमसुलं, उन्हात घातली की वर ढग हजर. फळ फोडायचं, बी काढायचं, सालं मिठाच्या रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी चार-पाच पुटं द्यावी लागतात, तेव्हा कुठे त्याची काळीभोर सोलं होतात. मध्येच पाऊस आला की सगळ्याला बुरशी. आमच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठचा रातांबा मात्र चैत्रातच लालभडक व्हायचा. लोकांची फळं हिरवी असताना आमची सोलं वाळून डब्यात गेलेली असायची. बाजारात आमच्या सोलांना मान होता आणि बाबांना त्याचा गर्व होता.

त्या वर्षी त्या झाडाच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा आला. व्हाळाच्या कडेने कालवा जाणार होता. मोजणीवाले येऊन सांगून गेले, यंदाचे रातांबे काढून घ्या, पावसाच्या आत झाड तोडणार.

बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मी मात्र तेव्हाच मनाशी ठरवलं. लवकर पिकणाऱ्या रातांब्याची रोपं कुणाला नको होती? पंचक्रोशीतला प्रत्येक माणूस पावसाने सोलं कुजली म्हणून दरवर्षी कपाळाला हात लावायचा. या झाडाच्या बियांची रोपं केली, तर लोक दारात येऊन घेऊन गेले असते. माझा नवरा गोव्यात एका हॉटेलात कामाला, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. मी रोज सकाळच्या गाडीने काजू फोडायला जायची. काजूच्या टरफलातलं तेल बोटांना लागतं, कातडी काळी पडते, सोलते, रात्री भाकरी थापताना आग होते. मला तिथून सुटायचं होतं. रोपवाटिका ही माझी सुटका होती, आणि ती रुजत नव्हती.

मी काही आंधळेपणाने लागले नव्हते. खाडीपलीकडे खानोलकर म्हणून एक गृहस्थ आंब्या-काजूची नर्सरी चालवायचे. रविवारी तरीतून, माणसं ने-आण करणाऱ्या होडीतून, पलीकडे जाऊन मी त्यांना सगळं विचारून आले होते. बी ताजं हवं. बियांचा गर धुऊन काढायचा. शेणपाण्यात एक रात्र भिजवायचं. पिशवीत माती, नदीची रेती आणि कुजलेला पाला घालायचा. वर सावली हवी. मी सगळं केलं. कारखान्यातून येताना व्हाळाची रेती डोक्यावरून आणली. नारळाच्या झावळ्यांचा मांडव घातला. मुंग्या लागल्या म्हणून कडेने राख टाकली. झारी परवडत नव्हती म्हणून डालड्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली. पाडव्यानंतर पिकल्या रातांब्यांचा पहिला पाडा उतरवला तेव्हा पहिल्या बिया लावल्या, मग दुसऱ्या पाड्याच्या, मग तिसऱ्याच्या. प्रत्येक वेळी काहीतरी सुधारून. रेती वाढवली, पाणी कमी केलं, बी आडवं लावलं, उभं लावलं. एका खेपेला तर शेजारणीने सांगितलं म्हणून ताक घातलं.

पिशव्यांत तण उगवलं, तुळस उगवली, एका पिशवीत कुठूनतरी भोपळा उगवला. रातांबा तेवढा उगवला नाही.

रातांबे फोडायचं काम माझ्या सासूचं, आयेचं. मी कारखान्यात असायची तेव्हा ती खळ्यात बसून फोडायची. बोटं आंबट रसाने आणि मिठाने चिरलेली, नखं जांभळी. आये बोलायची कमी. संध्याकाळी मी आले की मांगराच्या दाराशी शेणपाण्याची परात झाकून ठेवलेली असायची.

"तुझां बी भिजत घातलंय गो," ती म्हणायची.

"ताजां मा, आये?"

"मगे? आजचां."

मला किती बरं वाटायचं. सासू आपल्या कामाला हातभार लावते, असं सांगणारी सून त्या कारखान्यात मी एकटीच होते. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि म्हणायच्या, "नशीबवान गो तू!"

त्या सकाळी बाबांचा प्रश्न ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी समोरची पिशवी उचलली आणि टराटरा फाडली. मातीत बोटं घालून बी शोधलं. ते होतं तसंच होतं. ना मूळ, ना मोड. फुगलेलं, पिवळट, दाबलं तर बुळबुळीत. दुसरी पिशवी फाडली. तेच. तिसरी. तेच. मग मी थांबलेच नाही. महिनाभर ज्यांच्यावर सावली धरली होती, त्या पिशव्या मी लाथेने उडवल्या. माती पार तुळशीपर्यंत गेली.

आये दारात येऊन उभी राहिली.

"खूळ लागलां काय गो तुका?"

"बघा आये, बघा! एक म्हणून एक नाय! पालथ्या घड्यावर पाणी घातलंय मी महिनाभर!"

तिने माझ्या तळहातावरच्या बीकडे पाहिलं. "त्या झाडाचां बी रुजणारां नाय असतलां," ती म्हणाली. "सोड आता तां." आणि आत गेली.

मला त्या वेळी तिचं म्हणणं नशिबाला दोष देणाऱ्या बाईचं वाटलं. मी कारखान्याला दांडी मारली, मूठभर बिया रुमालात बांधल्या आणि तरीवर गेले.

खानोलकर आंब्याच्या कलमांना पाणी घालत होते. मी बिया त्यांच्यासमोर ओतल्या आणि भांडायलाच सुरुवात केली. "तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. सगळं! तुमच्या शेणपाण्याने काही झालं नाही."

"बसा तरी," ते म्हणाले. त्यांनी खिशातून अडकित्ता काढला, एक बी कातरलं, दुसरं कातरलं. आतला गर उजेडात धरून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, हे बी कुठलं?"

"आमच्या झाडाचं."

"ते कळलं. कधीचं?"

"ताजं. ज्या दिवशी फळ फोडलं त्याच दिवशी भिजवलेलं."

"नाही," ते म्हणाले. "ताज्या बीचा गर असा तपकिरी नसतो. हे चांगलं कडकडीत उन्हात वाळवलेलं बी आहे. मला तर गेल्या साली वाळवलेलं दिसतंय. रातांब्याचं बी म्हणजे भात नव्हे, वाळवून कणगीत ठेवायला. वाळलं की मेलं. मग त्याला दुधात भिजवा नाहीतर तुपात."

"पण मी ताजंच..."

"तुम्ही स्वतः फोडलंत फळ?"

मी बिया पुन्हा रुमालात बांधल्या. परतीच्या तरीत मी खाडीच्या पाण्याकडे बघत होते आणि मला पाणी दिसत नव्हतं.

घरी माळ्यावर एक मोठं मडकं होतं. दरवर्षी रातांब्याचं वाळवलेलं बी त्यात साठवायचं आणि पावसात सवडीने कुटून, उकळून त्याचं मुठेल काढायचं. टाचांना, ओठांना, भाजल्याला आमच्याकडे तेच तेल. गेल्या पावसात आयेचा खांदा धरला होता, म्हणून मुठेल केलंच नव्हतं. म्हणजे मडकं भरलेलं असायला हवं होतं. मी शिडी लावली, वर चढले आणि मडक्यात हात घातला. हात थेट तळाला लागला.

बाबा तिठ्यावर गेले होते. आये खळ्यात सोलांना पूट देत बसली होती. मी ते मडकं तिच्यासमोर आणून आपटलं. फुटलं नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटलं.

"ह्यां रिकामां कशान झालां, आये?"

तिने मडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हातातली सालं रसात बुडवली, पिळली, पाटीत पसरली.

"कळलां तुका," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती नाकारेल, रडेल, देवाची शपथ घालेल. मग मला भांडता आलं असतं. पण ती ज्या सुरात बोलली, तो शेजारचं मांजर दूध पिऊन गेलं असं सांगण्याचा सूर होता.

"कळलां! ताजां बी खंय टाकलांत माझां?"

"टाकूक कित्याक व्हयां? वाळत घातलंय पाठल्या दारी. मुठेल होतलां."

"कित्याक? माझां काय चुकलां होतां? तुमका माझां बरां बघवत नाय?"

"गो, बस."

"मी बसतंय नाय!"

"मगे उभी राव आणि ऐक." तिने हात पदराला पुसले. "मी परकरात होतंय तेव्हा हंय इलंय. पयल्या चैत्रात भाव माका न्हेऊक इलो. खाडीपलीकडसून, तरीतून. सासू म्हणाली, रातांबे पिकले हत, हातातलां काम टाकून खंय जातलंस? वैशाखात जा. वैशाखात गेलंय, तर सगळ्यो बहिणी म्हायेरपण करून आपापल्या घराक गेल्ल्यो. दुसऱ्या वर्षी तांच. तिसऱ्या वर्षी तांच. गावातल्या सगळ्या बायो चैत्रात म्हायेराक जायत. तेंचे रातांबे हिरवे. माझोच एकटो पिकलेलो."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर केला आणि आपल्या आईचं, आवशीचं, सांगायला लागली.

"मगे एका चैत्रात सांगावो इलो, आवस आजारी आसा, बघूक ये. सोलां खळ्यात होती, तिसरां पूट झालेलां. आणि वर ढग. त्या एका वर्षी कसले ते ढग चैत्रात, देवाक म्हायत. सासू म्हणाली, सोलां आत घे आणि जा, मी कित्याक अडवू? घेतलंय. एक-एक पाटी आत घेतलंय. धावत तरीवर गेलंय, तर होडी पलीकडच्या काठाक. पोचलंय तेव्हा आवशीक मसणात न्हेली होती. भावान सगळ्यांदेखत इचारल्यान, 'सोलां सुकली काय गो?'"

व्हाळाच्या बाजूला कावळे ओरडत होते. आयेने पाटीतलं एक साल उलटं करून ठेवलं.

"मगे मी थंय पाय ठेवलंय नाय. भाव वारलो, तेव्हाही गेलंय नाय. खंयच्या तोंडान जातलंय?"

खरं सांगते, राग गेला नव्हता. कीव आणि राग दोन्ही एकदमच येत होते आणि त्यांतलं कुठलं आधी बोलावं हे मला कळत नव्हतं. राग माझा नेहमीचा, तोच आधी आला.

"पण हेच्यात झाडाचो काय गुन्हो? तुमका अडवल्यान तां सासून!"

"सासू मेली गो," आये म्हणाली. "झाड उभां आसा."

"आता तांय तोडतले!"

"तोडतले म्हणान माका पयल्यांदाच बरां वाटलां होतां. आणि तू काय करूक घेतलंस? तू शंभर रोपां करतलंस. शंभर घरांत जातली. चैत्रात शंभर घरचे रातांबे पिकतले. मगे त्या घरच्या सुनांक म्हायेराक कोण धाडतलां? तू?"

मी आणखीच चिडले. "सगळ्यो सासू तसल्यो नसतत! मी तुमका कधी अडवलंय?"

"तू सून आसस. सासू होशीत तेव्हा सांग माका."

"आणि माझां काय, आये? ही बोटां बघा!" मी माझे हात तिच्या तोंडासमोर धरले. काळी, सोललेली बोटं. "तुमची रसान गेली, माझी काजूच्या तेलान. तुमचां म्हायेर चुकलां म्हणान मी आयुष्यभर थंय काजू फोडत बसू?"

त्यावर माझी बोटं तिने हातात घेतली आणि उलटी-सुलटी करून पाहिली. तिच्या हाताला आगळ लागलं होतं. मिठाच्या त्या रसाने मला इतकं झोंबलं की मी हात ओढून घेतला आणि घरात गेले. रात्री आम्ही दोघी जेवलो नाही. बाबा एकटेच जेवले आणि शेवटी, पिशव्या फाटलेल्या बघूनही, पुन्हा उद्याची आशा दाखवत म्हणाले, "फाल्यां रुजतलां बघ."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले नाही. झाडाच्या शेंड्याला थोडी फळं उरली होती. शिडी आणि आकडी घेऊन मी ती एक-एक करून काढली आणि अख्खीच ओल्या फडक्यात बांधली. खानोलकरांनी निघताना सांगितलं होतं, फळ आणा, फोडूच नका, माझ्या वाफ्यात माझ्या हाताने लावू. त्या बिया गेल्या की त्या झाडाचं रुजणारं बी जगात उरणार नव्हतं.

आये चुलीपाशी होती.

"लुगडां बदला," मी म्हटलं. "माझ्यावांगडा चला."

"खंय?"

"नर्सरीत."

"मी कित्याक?"

"मी तुमका आणि ह्या बियांक आता नजरेआड करूचंय नाय म्हणान."

यात माझं काही मोठं मन नव्हतं. ते बोचकं घरात क्षणभर जरी ठेवलं असतं, तरी ते मडक्यात जाईल अशी मला धास्ती होती. अडचण एवढीच होती की नर्सरीला जायचं म्हणजे खाडी ओलांडायची, आयेच्या माहेरच्या काठाला उतरायचं. ते माझ्या तरीवर पोचल्यावर लक्षात आलं. आये पाण्याच्या काठाशी थबकली. तरवाल्याने हात पुढे केला. मी मागे उभी, बोचकं छातीशी धरून, आणि मनात म्हणत होते, चढा आता, नाहीतर उन्हाने फळं मऊ पडतील. ती चढली.

पलीकडच्या धक्क्यापासून नर्सरीची वाट नारळाच्या बागांतून जाते. मी पुढे, ती मागे. थोडं चालल्यावर मागे पावलं वाजेनात. वळून पाहिलं तर आये एका कुंपणाशी उभी होती. आत एक बसकं कौलारू घर, एक विहीर, विहिरीवर एक म्हातारी रहाट ओढत होती.

"आये, उशीर होता. खानोलकर जेवणाक जातत."

ती हलेना. म्हातारीने कपाळावर हात धरून इकडे पाहिलं.

"कोण गो तां?"

म्हातारी दोन पावलं पुढे आली, आणखी दोन पावलं आली, आणि कळशी तिथेच सोडून तिने कुंपणाचा खुंट बाजूला केला.

"वन्सं?"

ती आयेची वहिनी होती. भावाची बायको. घरात आता ती एकटीच राहायची, मुलगा मुंबईला. मला वाटलं आता रडारड होईल. पण वहिनी म्हणाली, "इतक्या वर्सांनी इलंस आणि बाहेर उभी रवलंस? चाय घेतलंस? भाकरी टाकू?" आणि आये तिच्या मागोमाग अशी आत गेली, जशी काही काल संध्याकाळीच पाणी भरायला बाहेर पडली होती.

मग त्या दोघी ओट्यावर बसल्या. चहा झाला, पेज झाली. कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, कुठली गाय विकली, फणस कोणत्या वर्षी पडला. दोघी एकदम बोलायच्या, एकदम थांबायच्या. आयेला इतकं बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी बोचक्यावर विहिरीचं पाणी शिंपडत होते आणि कुढत होते. सूर्य डोक्यावर आला. खानोलकर आता जेवायला गेले असणार, मग झोपणार, मग संध्याकाळ. माझं सगळं आयुष्य त्या फडक्यात बांधलेलं, आणि या दोघींचं गायीवरून वासरावर चाललेलं.

शेवटी मी म्हटलंच, "आये, बी सुकता माझां!"

आयेने माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, माझ्या हातातून बोचकं घेतलं. मी सोडत नव्हते. तिने ओढलं तसं सोडावं लागलं.

"वयनी, कुदळ आसा?"

"आसा. कित्याक?"

आये विहिरीच्या मागे गेली. तिथे सांडपाण्याने माती भिजलेली, वर माडांची सावली. ती खाली बसली, फळ अंगठ्याने दाबून फोडलं, बी बाहेर काढलं, गर चोळून धुतला. आयुष्यभर त्याच कामात गेलेले हात, एकेका फळाला क्षणभर लागत होता. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"काय करतास, आये? नर्सरीत..."

"नर्सरीत नको." तिने जमीन भुसभुशीत केली आणि एक-एक बी बोटभर मातीत ढकलायला लागली. "हंय रुजांदे. हंय पिकलां, मगे चैत्रात माका हंयच येवक व्हयां. कोणाक इचारूक नको."

वहिनीने लुगड्याचा पदर तोंडावर घेतला आणि आता मात्र ती रडली. मी रडले नाही. माझी रोपवाटिका खाडीपलीकडे, दुसऱ्याच्या विहिरीमागे गेली होती आणि मी तरीत परत येताना चक्क फणफणत होते. आये माझ्या शेजारी बसली होती. मध्येच म्हणाली, "वाढली मगे काढून ने तुका व्हयी तितकी. माका एक ठेव." मी मान दुसरीकडे फिरवली.

झाड त्याच आठवड्यात तोडलं. बाबा त्या दिवशी घरातून बाहेर पडले नाहीत. मी पुन्हा काजू फोडायला लागले. बाबांनी आता "रुजलां काय" विचारणं बंद केलं होतं, आणि ते विचारत नाहीत याचाही मला त्रास व्हायला लागला.

पाऊस चांगला स्थिरावला होता तेव्हाची गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. मी आत दळण निवडत होते, आये चुलीपाशी. तरवाला इरलं घेऊन खळ्यात आला आणि पायरीवरूनच ओरडला, "ओ आये! तुमच्या वयनीन सांगावो धाडल्यान. म्हणता, रुजलां म्हणून सांग. ओळीन रुजलां म्हणता."

मी सूप बाजूला ठेवलं. उठले. छत्री खुंटीवर नव्हती, पडवीत शोधली, मग मांगरात शोधली. ती काड्या मोडलेली सापडली. तेवढ्यात बाबांचा आवाज आला. "गो, चुलीवर भात आसा! खंय चललंस भात टाकून? करपतलो मा!"

मी खळ्यात आले तेव्हा आये कुंपणाबाहेर गेली होती. डोक्यावर काही नाही, लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं. बाबांनी पुन्हा हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. मी धावत तरीवर पोचले तेव्हा ती आधीच होडीत बसली होती आणि तरवाल्याला सांगत होती, "चल रे, सोड. ती येयत पुढच्या खेपेक."